धाकट्या आत्याच्या लिंकचा रंग

मी वेबसाईट बनवते. कर्जतला सासरच्या घरात वरच्या मजल्यावरच्या खोलीत माझं टेबल आहे. त्यावर लॅपटॉप, इन्व्हर्टरला जोडलेला राउटर आणि बहुतेक वेळा गार झालेला चहा. मंगल कार्यालयं, डाळिंबाच्या रोपवाटिका, दोन-तीन दवाखाने, एक ट्रॅक्टरचं शोरूम अशी माझी गिऱ्हाइकं आहेत. गिऱ्हाइकाला काहीही समजावून सांगता येतं, कारण ते पैसे मोजणार असतं आणि म्हणून ऐकून घेतं. घरच्या माणसांचं तसं नसतं. त्यामुळे घरच्या कार्याची वेबसाईट करायची नाही असा मी कानाला खडा लावला होता. धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि आठवड्याभरात मी ती करायला बसले.

भाऊ चाकणला एका कंपनीत आहे. त्याचं म्हणणं साधं होतं. "ताई, माझे मित्र कागदाची पत्रिका बघत नाहीत. एक पान कर. तारीख, कार्यालयाचा नकाशा, दोन-चार फोटो. बास." जो माणूस बास म्हणतो त्याचं काम कधीच तेवढ्यावर संपत नाही, हे मला धंद्यात चांगलं कळलेलं आहे. तरी मी हो म्हणाले, कारण भाऊ एकच आहे.

आमचं गाव मिरजगावजवळ, फाट्यावरून थोडं आत. आई आणि नाना, म्हणजे आमचे वडील, तिथेच असतात. नानांकडे मोबाईल आहे. कांद्याचा भाव, हवामान आणि नातेवाइकांचे सुप्रभात एवढ्यासाठी ते तो वापरतात. पानाचं ऐकल्यावर त्यांनी मला फोन केला.

"पान म्हंजे पत्रिकाच ना?"

"तसंच समजा."

"मंग पत्रिकेत जी नावं हायेत ती समदी पानावर पायजेत. एक बी सुटाया नको."

आमच्याकडे पत्रिका ही काही नुसती माहिती नसते. लग्न कधी, कुठे हे लोक नंतर बघतात. आधी नावांवरून बोट फिरवतात: कुणाचं वर, कुणाचं खाली, कुणाचं ठळक, कुणाचं गाळलं. एका पत्रिकेवरून दोन भावक्या वर्षभर एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. म्हणून छापील पत्रिकेत नानांच्या तिन्ही बहिणींची नावं होती. पुणतांब्याची थोरली आत्या, इथलीच कर्जतची मधली आत्या आणि पाथर्डीकडे दिलेली धाकटी आत्या. धाकटीचं नाव छापलं होतं खरं, पण नाना आणि ती सहा-सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं ते असं. आजोबा गेल्यावर वारसनोंद लागली आणि सातबाऱ्यावर चौघा भावंडांची नावं आली. आमच्याकडे रीत अशी की बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही करायची, भावानं साडी नेसवायची आणि माहेर शाबूत राहायचं. थोरलीनं सही केली, मधलीनं केली. धाकटी म्हणाली, मी करणार नाही. तिच्या सासरी कोरडवाहू तुकडा होता, त्यात काही पिकत नसे. दरवर्षी दिवाळीच्या पुढेमागे नवरा-बायको ऊस तोडायला कारखान्यावर जायची आणि उन्हाळ्यातच परतायची. पोराच्या हातात तरी कोयता येऊ नये म्हणून मला माझा वाटा पाहिजे, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. नानांनी वाटा दिला. मोजणी आणून ओढ्याकडची पट्टी तिच्या नावावर करून दिली, आणि बोलणं बंद केलं. आत्यानं ती पट्टी नानांना न देता शेजारच्या शेतकऱ्याला वाट्यानं लावली, ते तर नानांना फारच लागलं. ती वर्षातून एक-दोनदा पीक बघायला यायची. फाट्यावर उतरून परस्पर शेतात जायची आणि बांधावरूनच परत फिरायची. घरी पाणीसुद्धा प्यायला येत नसे. त्या दिवशी नाना घरातून बाहेर पडायचे नाहीत.

कोण बरोबर आणि कोण चूक हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. मीही एका भावाची बहीण आहे. उद्या तो कागद माझ्याही पुढे येईल, तेव्हा मी काय करीन हे मला अजून माहीत नाही.

पण या लग्नात धाकटी आत्या हवीच होती. आमच्या घरात नवरदेवाला पहिली हळद धाकटी आत्या लावते. नानांना त्यांच्या धाकट्या आत्यानं लावली होती. शिवाय भावाला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं ते तिनंच. ती आली नाही तर पाटावर बसलेल्या पोरापुढे हळदीची वाटी कोण धरणार, या एका प्रश्नानं आईची झोप उडाली होती. ती मला रोज फोन करायची आणि दुसरंच काहीतरी बोलून ठेवून द्यायची.

बहिणीला लग्नाचं बोलावणं भावानं स्वतः जाऊन करायचं असतं. पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावून ती तिच्या हातात द्यायची, तिच्या घरचं पाणी प्यायचं. नाना थोरलीकडे एसटीनं पुणतांब्याला गेले, मधलीकडे मोटरसायकलवर आले. धाकटीची पत्रिका मात्र त्यांनी त्या बाजूला कांदा घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याच्या हाती दिली. टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन आला, "पत्रिका पोचली म्हनून सांगितलंय." पुढे काही नाही. भावानं टेम्पोनं धाडलेल्या पत्रिकेवर कुठली बहीण लग्नाला येते?

मी पान करायला घेतलं ते या सगळ्याच्या मध्ये.

पानावर सगळ्यात खाली मी 'आमच्या आत्या' असा भाग केला. तिथे तिघींची नावं, आणि प्रत्येक नाव म्हणजे एक लिंक. नावावर बोट ठेवलं की त्या आत्याचं स्वतंत्र पान उघडायचं. त्यात तिचा फोटो आणि चार ओळी. थोरलीचा पेरूच्या बागेतला फोटो मिळाला. मधलीनं स्वतःचे इतके पाठवले की निवडताना मी हात टेकले. धाकटीचा अलीकडचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. गावी गेले तेव्हा मी आईला तसं म्हणाले आणि आईनं ट्रंक उघडली आणि साड्यांच्या खालून एक फ्रेम काढली.

ही फ्रेम पूर्वी सोप्यातल्या भिंतीवर असायची. धाकट्या आत्याला दहावीच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो हवा होता, म्हणून नाना तिला सायकलवर बसवून कर्जतच्या स्टुडिओत घेऊन आले होते. फोटोवाल्याच्या रोलमध्ये शेवटचा एक फोटो उरला होता, तो त्यानं दोघांचा काढला. आत्या खुर्चीवर, दोन वेण्या, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. नाना मागे उभे, खुर्चीच्या पाठीवर हात, आणि चेहरा असा की जणू हा स्टुडिओ त्यांनीच बांधलाय. त्या फोटोची एकच प्रत होती, ती आमच्याकडे. मोजणी झाली त्या आठवड्यात फ्रेम भिंतीवरून उतरली. कुणी उतरवली हे कुणी बोललं नाही आणि खिळा तसाच राहिला.

मी त्या फोटोचा फोटो काढला आणि धाकट्या आत्याच्या पानावर टाकला. नानांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं.

आता लिंकांचं दिसणं. वेबपानावर काय कसं दिसावं याचे नियम सीएसएसमध्ये लिहितात. लिंकांसाठी एक सामाईक नियम लिहिला की पानावरच्या सगळ्या लिंका त्याच रंगात येतात. एखादीच वेगळी दाखवायची तर तिला क्लास नावाचं एक लेबल लावायचं आणि त्या लेबलापुरता वेगळा नियम लिहायचा. शाळेत सगळ्यांना एकच गणवेश आणि मॉनिटरच्या खिशाला तेवढा बिल्ला, इतकं ते सोपं आहे. मी तिघींना तीन क्लास दिले. थोरलीला डाळिंबी रंग, मधलीला पोपटी, आणि धाकटीला हळदीचा पिवळा. पहिली हळद तिची, म्हणून पिवळा. मला स्वतःला ही कल्पना फार आवडली होती. गिऱ्हाइकाला सांगितली असती तर त्यानं वाहवा केली असती.

व्हॉट्सअॅपवर पान पाठवलं आणि तासाभरात थोरलीचा फोन.

"पोरी, लई झ्याक केलंयस. पर मी थोरली. थोरलीचं नाव मोठं नको व्हय?"

तिच्या क्लासमध्ये मी अक्षरांचा आकार थोडा वाढवला. संध्याकाळी मधली आत्या जिना चढून स्वतःच वर आली, कारण ती गावातच राहते.

"माझ्या नावाखाली रेघ का मारलीय?"

"आत्या, ती लिंक आहे. लिंकच्या खाली रेघ असते. म्हणजे कळतं की इथे बोट ठेवायचंय."

"आमच्या गुरुजींच्या हजेरीत नाव कमी झालेल्याच्या खाली रेघ मारायचे. माझं नाव कमी केलंय का तुमी? आन थोरलीचं मोठं झालंय, ते मला दिसलं बरं का."

मी मधलीची रेघ काढली. रेघ काढल्यावर तिला ते नाव साध्या मजकुरासारखं दिसायला लागलं आणि त्यावर बोट ठेवावं असं कुणालाच वाटेना, म्हणून ती पुन्हा आली. मी तिच्या नावाला चौकट केली. चौकट थोरलीनं पाहिली. मग थोरलीलाही चौकट हवी झाली, पण गोल कोपऱ्यांची. दवाखान्याच्या आख्ख्या वेबसाईटला लागला नसेल एवढा वेळ मी त्या दोन नावांवर घालवला. धाकटीकडून काहीच आलं नाही. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसत होत्या.

तिच्या लिंकबद्दल बोलले ते नाना. पुढच्या आठवड्यात मी गावी गेले होते. नाना अंगणात उन्हात खाटेवर बसून मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघत होते.

"हे धाकटीचं नाव दिसत न्हाई."

"पिवळं आहे नाना. हळदीचा रंग."

"पांढऱ्यावर पिवळं कुठं दिसतं व्हय? दोघींची ठसठशीत आन हिचंच पुसल्यावानी. बघणाऱ्याला वाटंल मुद्दाम केलंय."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं लिहू नयेत हे मला शिकवलेलं होतं आणि हळदीच्या नादात मी ते विसरले होते. मी गडद करते म्हणाले, तर त्यांनी हात हलवला.

"गडद-बिडद न्हाई. समद्यांला येकच रंग दे. साड्या घेताना बी मी येकाच गठ्ठ्यातल्या तीन घेतो, म्हंजी कुनी कुनाचा पदर मोजत बसत न्हाई."

"तीन घेतल्या?" आई दारातून म्हणाली.

"मंग? बहिनी किती हायेत?" नाना म्हणाले आणि मोबाईल खिशात टाकून उठले.

त्याच रात्री कर्जतला परत आल्यावर थोरलीचा आणखी एक निरोप आला की तिच्या चौकटीपेक्षा मधलीची चौकट रुंद दिसते. आता नाव लांब असलं की चौकट रुंद होणारच. माझं डोकं फिरलं. लिंकांसाठी लिहिलेले सगळे नियम, सामाईक आणि वेगळे, मी एका झटक्यात निवडले आणि उडवून दिले. तिघींची लेबलं काढली. आता घ्या सगळ्या सारख्या. आपण नियम लिहिले नाहीत की ब्राउझर त्याच्याकडचे जुने नियम लावतो: निळी अक्षरं, खाली रेघ. पान सरकारी कचेरीच्या वेबसाईटसारखं दिसायला लागलं. मी ते तसंच चढवलं आणि लॅपटॉप मिटला. दोन दिवस दोघींपैकी कुणाचा फोन आला नाही, त्यावरून माझा निर्णय योग्य होता असं मी समजले.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकट्या आत्याचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिचा आवाज मी लगेच ओळखला. फक्त बोलणं थोडं तिकडचं झालं होतं.

"ताई, येक इचारू का? रागावू नको."

"विचार ना."

"माझंच नाव कामून येगळं केलंय? आधी पिवळं हुतं, ते मला आवडलं हुतं. आता दोघींची कशी निळीशार हायेत आन माझं जांभळट. सुकल्यावानी. दादानं सांगितलं का तसं कराया?" नानांना ती दादा म्हणते.

मी म्हणाले, असं होणं शक्यच नाही, तिन्ही सारख्या आहेत. बोलता बोलता मी माझ्या मोबाईलवर पान उघडलं. माझ्याकडे तिन्ही नावं जांभळी होती. ते पाहिलं आणि मला कळलं.

ब्राउझरच्या जुन्या नियमांत आणखी एक नियम असतो. ज्या लिंकवर तुम्ही एकदा जाऊन आलात, तिचा रंग निळ्याचा जांभळा होतो. मी क्लास दिले होते तेव्हा माझे रंग त्या नियमावर बसले होते आणि तो झाकला गेला होता. मी सगळं उडवलं आणि तो पुन्हा वर आला. पान बनवताना मी तिघींची पानं शंभरदा उघडली होती, म्हणून माझ्याकडे तिन्ही जांभळी.

"आत्या, तू तुझं नाव उघडलंस ना? म्हणून त्याचा रंग बदललाय. तो मोबाईलच बदलतो. आणि बाकी दोघींची निळी आहेत, कारण तू ती उघडली नाहीस."

 ती सावकाश म्हणाली, "म्हंजी कोनी काय उघडलं ते तुला तिथं बसून दिसतं?"

"नाही. मला काहीच कळत नाही. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर त्याचं त्यालाच दिसतं."

"बरं हाय," ती म्हणाली. आणि मग, "फोटू चांगला लावलाय. माझ्यापाशी न्हवता तो."  तेवढ्यात तिचा आवाज पुन्हा कोरडा झाला. "पर तू दादाची लेक. तू त्याचंच झाकनार. रंग मोबाईल बदलतो म्हनं." तिनं फोन ठेवला.

मला राग आला आणि वाईटही वाटलं. एका ओळीचं काम होतं. पाहिलेल्या लिंकेचाही रंग निळाच ठेव, एवढं लिहिलं की झालं. पण वीज गेली, इन्व्हर्टर आधीच मान टाकून बसला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला हळदीचं सामान बघायला मी हवी होते. संध्याकाळी येऊन करू म्हणून मी गाडी काढली आणि गावी गेले.

सोप्यात पाऊल टाकते न टाकते तोच नाना म्हणाले, "इकडं ये. मी काय सांगितलं हुतं तुला? समद्या सारख्या. मंग धाकटीलाच येगळा रंग का दिला?"

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. थोरली निळी. मधली निळी. धाकटी जांभळी.

मी मोबाईलकडे बघितलं आणि नानांकडे बघितलं. ते खरोखर चिडलेले होते. "तिला वाटंल दादानंच कराया लावलं. आदीच तिचं डोकं तसलं. तू शिकलेली ना? तुला येवढं कळत न्हाई?"

"नाना, मी काही केलेलं नाही. हे तुम्ही केलंय."

"म्या काय केलं?"

मी सांगितलं. उघडलेल्या लिंकेचा रंग बदलतो. न उघडलेलीचा बदलत नाही. जास्त काही बोलले नाही. नाना ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा मोबाईलचा हात हळूहळू मांडीवर आला. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई तिथे भांडी न वाजवता उभी होती.

"मी फकस्त नीट दिसतंय का न्हाई ते बघत हुतो," नाना म्हणाले.

"मग थोरल्या आत्याचं नीट दिसतंय का, ते नाही बघितलं?"

 नाना उठले, गोठ्यात गेले, म्हशीपुढे वैरण टाकली. तिच्यापुढे आधीचीच वैरण पडलेली होती. परत आले ते दारातच उभे राहिले.

"तिला बी तसंच दिसतंय व्हय?"

"तिनंच काल फोन केला होता. तिच्याकडेही तेवढंच जांभळं. तिला वाटतंय तुम्ही सांगितलं म्हणून."

"मी?" नानांचा आवाज चढला. "तिचं नाव बारीक कराया मी सांगीन? मी? ती असं म्हनली?"

"असंच म्हणाली. मी समजावलं, पण तिला पटलं नाही. तू दादाची लेक म्हणाली."

"चल मंग," नाना म्हणाले. "तुझा मोबाईल घे आन तिला बैजवार समजावून सांग. असला आळ मी घ्यायचो न्हाई."

आई जणू वाटच बघत होती. तिनं एक कोरी पत्रिका, हळद-कुंकवाची कोयरी आणि पिशवीत घालून एक साडी आणली आणि नानांच्या हातात दिली. नानांनी कोयरी उघडून पत्रिकेच्या कोपऱ्याला बोट टेकवलं. आम्ही तिकडे सीएसएस समजावून सांगायला निघालो होतो, असंच आम्हा तिघांत ठरलेलं होतं.

वाटेत नाना सरळ पुढे बघत बसले होते. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. रस्त्यानं सगळीकडे कांदा आणि ज्वारी, मग पुढे पुढे माळ. तिथे त्यांनी विचारलं, "त्यो रंग किती दिवस ऱ्हातो?"

"मोबाईलची हिस्टरी पुसेपर्यंत."

"ती कशी पुसत्यात?"

"पुसायचीय तुम्हाला?"

"न्हाई. चुकून पुसली जाऊ नये म्हनून इचारलं."

आत्याचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, पुढे सारवलेलं अंगण आणि लिंबाखाली एक खाट. ती शेंगा फोडत बसली होती. गाडीतून आधी मी उतरले तेव्हा तिला आनंद झाला. मग पलीकडचं दार उघडलं आणि ती उभी राहिली. मांडीवरचे सगळे शेंगदाणे खाली सांडले. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली. पाणी माझ्या हातात देऊन मला म्हणाली, "बसा म्हनावं."

"बसतो म्हनावं," नाना मला म्हणाले आणि खाटेवर बसले. भांडं माझ्याकडून घेऊन ते सगळं पाणी प्यायले.

असा संवाद माझ्यातून थोडा वेळ चालला. पाऊस कसा झाला म्हनावं. बरा झाला म्हनावं. पोरगं कुठंय म्हनावं. नगरला आयटीआय करतोय म्हनावं. हे ऐकून नानांनी मान डोलावली. ओढ्याकडच्या पट्टीचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी मीच वैतागले. मी काही दोघांच्या मधली टपालपेटी नव्हते.

"आत्या, मी त्या रंगाचं सांगायला आलेय. परत सांगते, नीट ऐक."

"तू सांगू नको," आत्या म्हणाली. "सांगून काय बी सांगता येतं." आणि पहिल्यांदा तिनं सरळ नानांकडे पाहिलं. "दादा, तुझा मोबाईल दाव."

नाना मला काहीतरी इशारा करतील असं वाटलं, पण त्यांनी तसं केलं नाही. खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावून पान उघडलं, अगदी खालपर्यंत सरकवलं आणि तिच्या हातात दिला. ती घरातून स्वतःचा मोबाईल घेऊन आली. त्याची काच एका कोपऱ्यात तडकलेली होती. खाटेच्या कडेला बसून तिनं दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी गोधडीवर ठेवले आणि खाली वाकली. आधी तिचा बघितला, मग नानांचा, मग पुन्हा तिचा. दोन्हींवर वरची दोन नावं निळी होती आणि तिसरं जांभळं.

ती वाकलेलीच राहिली. पदर तोंडाला लावला होता. मग तिनं विचारलं, "थोरलीचं कामून न्हाई उघडलंस?"

"तिचं काय उघडायचं?" नाना म्हणाले. "ती रोज फोन करती."

"मंग मला करायचा हुतास की."

नानांनी पिशवीतून पत्रिका काढली. कोपऱ्यावरची हळद वाटेत थोडी पुसली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, पण उघडली नाही.

"हळद कवा हाय?" तिनं विचारलं.

तारीख पत्रिकेवर होती. टेम्पोनं आलेल्या पत्रिकेवरही होती, आणि पानावर तर तिच्या नावाच्या वरच होती, मोठ्या अक्षरांत. नानांनी चष्मा काढला आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं: वार, तारीख, वेळ, आणि फाट्यावर घ्यायला ते स्वतः उभे असतील हेही.